तीन नंबरच्या बाजारातली मावशी

मास्तरांना मास्तर म्हणायला तसा काही आधार नव्हता. ते कुणाला काहीच शिकवत नव्हते. व्यवस्थापनाच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत चोवीस कॉम्प्युटर सांभाळायचे, एवढंच त्यांचं काम. नेमणुकीच्या पत्रावर 'कक्ष सहायक' असं लिहिलेलं होतं आणि सव्वीस वर्षांत त्या दोन शब्दांत तिसऱ्याची भर पडली नव्हती. पण त्या खोलीत पोरांचा साबणाचा खेळ चालायचा आणि तो चालवायचे हे, म्हणून कुठल्याशा जुन्या बॅचनं त्यांना खेळमास्तर म्हणायला सुरुवात केली. पुढं 'खेळ' झिजून गेला आणि मास्तर उरले.

आता साबणाचा खेळ म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पाच-पाच पोरापोरींचा गट करायचा. प्रत्येक गटाला कॉम्प्युटरमधला एक साबणाचा कारखाना द्यायचा. साबण किती करायचे, कितीला विकायचे, जाहिरात कुठं करायची, हे गटानं भांडून-तंडून ठरवायचं, आकडे भरायचे आणि बटण दाबायचं. बटण दाबलं की कॉम्प्युटरमधला एक महिना संपतो, आणि कुठल्या बाजारात किती साबण खपले ते पडद्यावर उमटतं. बाजार तीन. एक नंबर म्हणजे मोठं शहर. दोन नंबर म्हणजे मध्यम गाव. तीन नंबर म्हणजे लांबचं, आडबाजूचं, जिथं फारसं कुणी जात नाही असं ठिकाण. वर्गात पहिला येणाऱ्या पोराचा कारखाना दुपारी तीनपर्यंत हमखास बुडालेला असायचा, आणि ते बघून बाकीच्यांना जो आनंद व्हायचा तो काय वर्णावा!

पहिले दोन बाजार विकत आणलेल्या प्रोग्रॅममध्येच होते. तिसरा मास्तरांनी बनवला. त्या वेळचे एक प्राध्यापक म्हणाले, "छोटा बाजारही पाहिजे रे. जमेल का तुला?" मास्तर तेव्हा चोवीस वर्षांचे. नवी नोकरी, अंगात रग. "न जमायला काय झालं?" असं म्हणाले आणि आठ दिवस खाली मान घालून तो बाजार त्यांनी उभा केला. अख्ख्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेली ती एकच वस्तू. आणि तिच्यात एक चूक राहिली.

चूक अशी. किंमत वाढली की गिऱ्हाईक कमी होतं, हे साधं सूत्र. किंमत भरमसाट वाढवली की सूत्रातून उत्तर येतं ते पाव गिऱ्हाईक, नाहीतर गिऱ्हाइकाचा हजारावा भाग. आता हजारावा भाग गिऱ्हाईक काही पिशवी घेऊन दुकानात येत नाही. तो आकडा खाली ढकलायचा आणि शून्य धरायचं. मास्तरांनी घाईघाईत उलटं लिहिलं. खाली ढकलायचा तो आकडा वर ढकलला. झालं! साबण सोन्याच्या भावानं विका, जाहिरात बंद करा, गिऱ्हाइकाला शिव्या घाला, तीन नंबरच्या बाजारात दर महिन्याला एक साबण खपायचा म्हणजे खपायचाच.

"हा एक साबण घेतंय कोण?" पहिल्याच बॅचमध्ये कुणीतरी विचारलं.

"असेल कुणीतरी मावशी," दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि तीन नंबरच्या बाजारात मावशी राहायला आली ती कायमची.

सव्वीस वर्षांत मावशीचा बोलबाला फार झाला. कारखाना गाळात गेला की पोरं एकमेकांना म्हणायची, "घाबरतोस काय, मावशी आहे ना!" परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणायची, मुलाखतीत नापास झाली तरी म्हणायची. एका गटानं मुद्दाम किंमत हजारपट केली, मावशीनं घेतला. कोण म्हणे ती करोडपती आहे, कोण म्हणे तिला साबणाचं वेड आहे. आणि विपणनाचे एक प्राध्यापक तर असे रंगले, की 'निष्ठावान ग्राहक' या विषयावर मावशीला पुढं करून त्यांनी सलग दोन तास घेतले. फळ्यावर आलेख काढले! मास्तर मागच्या बाकावर बसून होते. हसू दाबता दाबता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि प्राध्यापकांना वाटलं, व्याख्यान भिडलं.

चूक एका ओळीची होती. एक शब्द बदलला की मावशी गेली. पहिल्याच आठवड्यात मास्तर ती दुरुस्त करायला बसलेही होते. पण त्याच आठवड्यात घरी एक गोष्ट घडली आणि त्यांचा हात आखडला तो आखडलाच. ती गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

दुपारी दोन ते तीन खोली रिकामी असायची. खिडक्यांचे पडदे ओढलेले, एसीची एकसुरी घरघर, चोवीस पडदे काळे पडून झोपलेले. मास्तर डबा धुऊन यायचे, खुर्चीत मान टेकवायचे आणि त्यांना तीन नंबरचा बाजार दिसायला लागायचा. झोप नव्हे ती. जागेपणाही नव्हे. एक चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना बुटकी दुकानं, बहुतेक फळ्या लावलेली. उन्हाला आवाज नसतो, पण तिथल्या उन्हाला होता, एसीसारखा. मग चढावरून मावशी यायची. हातात कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कुठलीही घाई नाही. उघड्या असलेल्या एकुलत्या एका दुकानासमोर ती थांबायची आणि विचारायची, "आलाय का हो?" किंमत कधी विचारायची नाही. साबण पिशवीत टाकायची, दुकानदाराशी चार शब्द बोलायची आणि परत फिरायची. तिचं तोंड मात्र मास्तरांना एकदाही दिसलं नाही. दिसेलसं वाटायचं आणि नेमकं त्याच वेळी तीनची घंटा व्हायची.

"आज भेटली का तुमची मावशी?" संध्याकाळी बायको विचारायची. तिला हे स्वप्न माहीत होतं. "तिला म्हणावं, एक साबण इकडंही दे. मोरीत चिपाड उरलंय नुसतं."

तर असं सगळं सुखानं चाललेलं असताना कॉलेजनं नवा खेळ घ्यायचं ठरवलं. संचालकबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. बाई बोलायला गोड, पण त्यांच्या तोंडून 'आपण सगळे मिळून' आलं की समजावं, ठरलेलं आहे.

"मास्तर, आपण सगळे मिळून आता पुढं जायचंय. नवा खेळ पोरांच्या फोनवर चालेल, घरबसल्या. ही खोली लागणार नाही. तुम्हाला ग्रंथालयात घेऊ, काळजी नको. फक्त जुन्या खेळातलं सगळं नव्यात नीट गेलं पाहिजे. हा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरा."

फॉर्म चार पानी होता. तिसऱ्या पानावर एक रकाना होता, 'जुन्या प्रणालीतील माहीत असलेल्या चुका'. नव्या कंपनीची माणसं त्या वाचून काढून टाकणार होती. मास्तरांनी बाकीचं सगळं एका बैठकीत भरलं. त्या रकान्यापाशी पेन थांबलं. मावशी लिहावी, तर आपल्याच हातानं तिला घराबाहेर काढल्यासारखं. न लिहावी, तर खोटं बोलल्यासारखं, आणि मास्तर एरवी खोटं बोलणारा माणूस नव्हे. फॉर्म खणात गेला. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी बायकोच्या लक्षात आलं.

"जेवणात लक्ष नाही तुमचं. आणि हल्ली मागच्या रस्त्यानं का येता? झेरॉक्सवाले भाऊजी विचारत होते, मास्तर आजारी आहेत का म्हणून."

"तिकडून जवळ पडतं," मास्तर म्हणाले आणि ताटावरून उठले.

झेरॉक्सवाला म्हणजे कॉलेजच्या पुढच्या गेटसमोर ज्याचं खोकेवजा दुकान होतं, तो. अठरा वर्षं तिथं होता. पूर्वी परीक्षा जवळ आली की त्याच्यापुढं रांग लागायची. पाठ्यटिपणं, जुन्या प्रश्नपत्रिका, उदाहरणांचे जाडजूड संच, सगळं त्याच्या मशीनमधून गरमागरम बाहेर पडायचं. कुणाचं पान निसटलं तर कुठल्या संचातलं कितवं ते हा न बघता सांगायचा. रोज संध्याकाळी मास्तर त्याच्याकडं दहा मिनिटं टेकायचे, अर्धा-अर्धा चहा व्हायचा. मग दोन महिन्यांपूर्वी कॉलेजनं सगळं वाचायचं साहित्य साइटवर चढवलं. चढवलं म्हणजे कुणी? मास्तरांनीच! एकेक संच, एकेक टिपण, अकरा दिवस बसून. बाराव्या दिवशी रांग नाहीशी झाली. झेरॉक्सवाला फडकं घेऊन मशीनची काच पुसत बसलेला दिसायला लागला, आणि मास्तर मागच्या गेटनं जायला लागले.

शुक्रवारी सकाळी नव्या कंपनीकडून एक मुलगी आली. पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप, बोलणं असं की दोन शब्दांत श्वास घ्यायला जागा नाही. पण कामाला वाघीण. दुपारपर्यंत तिनं जुना खेळ पार उलगडून ठेवला. बरोबर दोन वाजता, मास्तरांच्या स्वप्नाच्या वेळेला, तिनं खुर्ची त्यांच्याकडं फिरवली.

"सर, तीन नंबरच्या बाजारात काहीतरी गडबड आहे बघा. काहीही केलं तरी एक विक्री दाखवतोय. आणि चुकांचा तुमचा फॉर्म तर आमच्याकडं अजून आलेलाच नाही."

मास्तर टेबल आवरायला लागले.

"अपूर्णांक वर ढकललाय कुणीतरी. मी नव्यात काय ठेवू? वर की खाली?"

बघा, सव्वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. प्राध्यापकांनी आलेख काढले, पोरांनी विनोद केले, पण 'वर की खाली' असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"कुणीतरी नाही. मीच," ते म्हणाले. "माझ्या लक्षातही आलं होतं. तेव्हाच."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

आणि मास्तरांनी सांगितलं. ओळख ना पाळख, मुलीच्या वयाची पोर समोर, आणि जे बायकोला सांगितलं नाही ते मास्तर तिला सांगून बसले.

त्यांच्या वडिलांचं बटणांचं दुकान होतं. भिंतभर छोटे खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर त्यात जे आहे त्यातलं एक बटण शिवलेलं. शिंपी यायचे, आया यायच्या, एका सदऱ्याच्या तुटलेल्या बटणाला जोड शोधायला माणसं अर्धा-अर्धा तास खण उघडत बसायची. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले. शिंपी गेले, मागोमाग बटणं. शेवटच्या महिन्यात तर दिवसच्या दिवस कुणी यायचं नाही. त्याच महिन्यात एका दुपारी मास्तर कॉलेजातून लवकर निघाले होते. दुकानावरूनच रस्ता होता. लांबून त्यांना वडील दिसले. रिकाम्या दुकानात, फडकं घेऊन, लखलखीत काच पुन्हा पुसताना. मास्तरांना ते बघवेना. आता समोरून जायचं, थांबायचं, 'काय अण्णा' म्हणायचं आणि अण्णांनी काहीतरी काम असल्यासारखं दाखवायचं, हे नको वाटलं. ते बाजूच्या गल्लीत वळले. वळता वळता मागं बघितलं. वडिलांनी मान वर केलेली होती. त्यांनी बघितलं होतं.

"मग?" मुलीनं विचारलं. तिचं बोलणं आता सावकाश झालं होतं.

"मग काही नाही. रात्री जेवताना म्हणाले, आज गल्लीतून गेलास वाटतं. बरं केलंस, तिकडून जवळ पडतं." मास्तर पुढं झुकले. "जवळ नाही हो पडत. दुप्पट लांब आहे ती गल्ली. त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात दुकान बंद झालं. एक बटण घ्यायला गेलो असतो तर काय बिघडलं असतं? एक! गल्लीतून गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी इथं बसलो होतो, चूक दुरुस्त करायला. शून्य लिहायला हात धजेना."

एसी घरघरत होता. मुलीनं लॅपटॉपचा पडदा थोडा खाली केला.

"सर, मी ठेवू शकते. वर ढकलते. वरच्या कुणाला कळणारही नाही."

हेच तर हवं होतं. आठवडाभर खणात फॉर्म कोंडून ठेवला तो याचसाठी. पण मास्तरांचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. आपल्याच तोंडून आत्ता निघालेले शब्द त्यांच्या कानात घुमत राहिले होते. तिकडून जवळ पडतं. हे आपण परवाच कुणाला तरी म्हणालो. कुणाला? बायकोला. जेवताना. आणि मागच्या गेटचा रस्ता? अख्ख्या कॉलेजला वळसा घालून, शिवाय सरकारी गोदामाच्या भिंतीलाही. मास्तरांना लाज वाटली, अंगभर वाटली. सव्वीस वर्षं एक मावशी जपली, दर महिन्याला न चुकता दुकानात धाडली, आणि स्वतः मात्र अजून त्या गल्लीतूनच चाललोय!

"नको," ते म्हणाले. "खाली घ्या. पोरांना शून्य दिसू दे. शून्य झाल्यावर काय करायचं ते त्यांना कधीतरी शिकावंच लागेल, आमच्यासारखं राहायला नको." त्यांनी खणातून फॉर्म काढला आणि त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तिसरा बाजार. अपूर्णांक वर ढकलला आहे. चूक माझी.' खाली सही केली. मग म्हणाले, "फक्त बंद करायच्या आधी एक महिना खेळू द्या मला."

मुलगी उठून बाजूला झाली. मास्तरांनी किंमत इतकी चढवली की चौकटीत आकडे मावेनात. जाहिरात बंद. पहिले दोन बाजार बंद. बटण दाबलं. क्षणभर पडदा पांढरा झाला, आणि त्यांना चढाचा रस्ता दिसला, ते ऊन, ती दुकानं. मावशी साबण पिशवीत टाकून वळली. या खेपेला घंटा झाली नाही. ती थेट त्यांच्याकडं बघत उभी राहिली, आणि हातातली पिशवी तिनं पुढं केली, धरा म्हणून.

पडद्यावर उमटलं : बाजार तीन. विक्री १.

मास्तरांनी तेवढं पान छापून घेतलं, घडी न घालता हातात धरलं, मुलीला "येतो बाळा" म्हणाले आणि जिना उतरले. खाली आल्यावर पाय सवयीनं मागच्या गेटकडं वळले. त्यांनी ते ओढून पुढं आणले. पुढच्या गेटसमोरचा रस्ता सपाट आहे, अगदी सपाट. पण चढ चढल्यासारखी छाती भरून आली.

झेरॉक्सवाला काच पुसत होता.

"एक कॉपी काढायची होती," मास्तर म्हणाले.

त्यानं वर बघितलं. आधी मास्तरांकडं, मग कागदाकडं. "वर तुमच्याकडं दोन मशिनं आहेत की! फुकटात."

"आहेत. मग? दारात आलेल्या गिऱ्हाइकाला उलटतपासणी?"

"तसं नाही हो." त्यानं मशीन चालू केलं. आत काहीतरी खरखरलं. "दिवसभर बंद होतं. गरम व्हायला पाच मिनिटं लागतील. बसा." मग मशीनकडंच बघत म्हणाला, "बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. म्हटलं, मागचं गेट जवळ पडत असेल तुम्हाला."

झाली की नाही पंचाईत! सोपी वाट समोर आयती आली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. वडिलांपुढं त्या दिवशी मास्तरांनी तेच केलं होतं, मान डोलावून भात कालवला होता.

"नाही हो," मास्तर म्हणाले. "जवळ कसलं, लांब पडतं. पार वळसा आहे. मी तोंड चुकवत होतो तुमचं."

झेरॉक्सवाल्यानं फडकं खाली ठेवलं. मग त्यानं आतलं स्टूल ओढून पुढं सरकवलं, आणि मास्तर बसले. हिरवा दिवा लागला. त्यानं कागद काचेवर ठेवला, सरळ केला, पुन्हा थोडा सरळ केला.

"यात तर नुसता एकच आकडा आहे."

"तेवढाच आहे."

"किती प्रती?"

"एक."

उजेडाची पट्टी काचेखालून सरकत गेली. पान बाहेर आलं, गरम. मास्तरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"उद्या येतो," ते म्हणाले.

"उद्या काय काढायचंय?"

"बघू. काहीतरी एक असेलच."